चोरून खाल्लेला घास आणि वहीतला खोटा आकडा : शुगर असणाऱ्यांच्या खाण्याच्या तलफेविषयी

बालाघाटची_लेक (धागा सुरू करणारी)

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझे वय ४८ आहे. गेली सात वर्षे मला टाइप २ मधुमेह आहे. आमच्याकडच्या बोलण्यात सांगायचे तर मला 'शुगर' आहे. आज जे लिहिते आहे ते घरात कोणालाही सांगितलेले नाही. येथे कोणी मला ओळखत नाही, म्हणूनच लिहिण्याचा धीर होतो आहे.

रात्री सगळे झोपले की मी उठून स्वयंपाकघरात जाते. खव्याची बर्फी, बालुशाही, यातले काही नसेल तर गूळ आणि तूप. स्टीलच्या डब्याचे झाकण काढताना आवाज होतो, म्हणून मी ते पदराखाली धरून काढते. दिवा लावत नाही. उभ्यानेच खाते. पहिल्या दोन घासांची चव लागते, पुढच्या घासांची लागत नाही, तरीही हात थांबत नाही. नंतर उरलेल्या वड्या डब्यात अशा पसरून ठेवते की वरून पाहणाऱ्याला डबा भरलेलाच वाटावा. सकाळी उपाशीपोटी शुगर तपासते तेव्हा यंत्रावर २८६ दिसते आणि मी वहीत १४८ लिहिते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वहीऐवजी यंत्रच मागून घेतले आणि बटण दाबून त्यात साठलेले आकडे एकामागून एक मोठ्याने वाचले. दाराशी रुग्णांची रांग होती. त्यात माझ्या एका विद्यार्थ्याची आईही उभी होती. "तुम्ही शिकलेल्या बाई, तुम्हीच असे केल्यावर काय म्हणायचे?" एवढेच ते म्हणाले, त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पण त्या रात्री मी जेवढे खाल्ले तेवढे आजवर कधीही खाल्ले नव्हते.

गावात तंबाखूची तलफ सर्वांना कळते आणि दारूचे व्यसनही कळते. खाण्याचे व्यसन असते का? की मी नुसती हावरट आहे? कृपा करून मला आहाराचा तक्ता पाठवू नका. तो मला पाठ आहे.

गोदाकाठ

ताई, मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला, नांदेडकडचा माणूस. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की, या गोष्टीला व्यसन म्हणणे मला पटत नाही. एकदा व्यसन म्हटले की माणूस हात वर करतो, 'माझ्या हातात काही नाही' असे म्हणायला मोकळा होतो. मी निदान झाले त्याच दिवशी साखर बंद केली आणि रोज पहाटे पाच किलोमीटर चालायला लागलो. मनाचा निग्रह लागतो आणि तो सवयीने येतो. तुम्ही मुलांना शिस्त लावता, मग स्वतःलाही लावू शकाल, याची मला खात्री आहे.

सीताफळ_बन

ताई, तुम्ही एकट्या नाही. माझ्या गादीखाली आजही बिस्किटांच्या पुड्याचे कागद आहेत. याहून जास्त आज लिहवत नाही.

डॉ_मांजराकाठ

मी लातूर परिसरात मानसोपचाराचे काम करतो. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देणे भाग आहे.

'खाण्याचे व्यसन' हे निदान म्हणून अद्याप मान्य झालेले नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानसंहितेत ते नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही नाही. असे असूनही संशोधकांनी हा विषय सोडलेला नाही. अॅशली गिअरहार्ट, विल्यम कॉर्बिन आणि केली ब्राउनेल यांनी येल विद्यापीठात तयार केलेली एक प्रश्नावली २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यातले ३५ प्रश्न दारू व तंबाखूच्या व्यसनासाठी लावल्या जाणाऱ्या ११ निकषांवरच बेतलेले आहेत : ठरवले होते त्याहून जास्त खाल्ले जाते का, कमी करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात का, तीव्र तलफ येते का, शरीराला अपाय होतो आहे हे कळत असूनही खाणे चालूच राहते का, आणि या सगळ्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येतो का. ताईंनी वर जे लिहिले आहे, त्यात यातल्या अनेक प्रश्नांची उत्तरे आलेली आहेत.

दुसरी एक अवस्था मात्र मान्यताप्राप्त निदान आहे. तिला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात; आपण तिला अनावर खाण्याचा विकार म्हणू. ठरावीक वेळात नेहमीपेक्षा खूप जास्त खाणे, खाताना आपला ताबा सुटल्याची जाणीव होणे आणि हे आठवड्यातून किमान एकदा, असे तीन महिने होणे, ही त्याची मुख्य खूण. सोबतची लक्षणे पाहा : भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, नंतर स्वतःची किळस वाटणे, आणि लाज वाटते म्हणून एकट्यानेच खाणे. हे शेवटचे लक्षण मी मुद्दाम शेवटी लिहिले. पदराखाली धरलेले झाकण हे ताईंच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र नसून वैद्यकीय पुस्तकात नोंदलेले लक्षण आहे. प्रत्यक्ष भेटल्याशिवाय मी निदान करणार नाही, परंतु 'मी हावरट आहे' हे निदान नव्हे, एवढे मात्र आताच सांगतो.

गोदाकाठ काका, आपल्या शंकेत तथ्य आहे. व्यसन हा शब्द काहींना सुटका देतो, तर काहींना आणखी एक शिक्का. मी स्वतः तो शब्द जपून वापरतो. पण निग्रहाने सगळे साधले असते, तर सात वर्षे नोकरी, घर आणि औषधे सांभाळणाऱ्या बाईला तो एवढ्या एकाच ठिकाणी का पुरत नाही, याचाही विचार व्हायला हवा. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन आहे. ज्यातून सुख मिळाले ते पुन्हा शोधायला लावणे हे त्याचे काम. साखर आणि स्निग्ध पदार्थ एकत्र येतात तेथे ते विशेष जोर धरते. ज्वारीची भाकरी मध्यरात्री चोरून खाणारा रुग्ण मला आजवर भेटलेला नाही. खव्याची बर्फी खाणारे मात्र पुष्कळ भेटले आहेत.

बालाघाटची_लेक

डॉक्टरसाहेब, 'लाज वाटते म्हणून एकट्यानेच खाणे' हे लक्षणांमध्ये लिहिलेले आहे, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. गोदाकाठ काका, तुमचा राग आलेला नाही. तुम्ही जे लिहिले तेच मी रोज सकाळी स्वतःला सांगत असते.

पानगाव_शिवार

मी धाराशिव जिल्ह्यातला आहे. माझा प्रश्न वडिलांविषयी आहे, वेगळा धागा काढण्यापेक्षा येथेच विचारतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचे सोयाबीन पाण्यात गेले आणि ओढ्याकाठची माती खरवडून गेली. वडील ५९ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे. त्याआधी ते पथ्य चांगले पाळत असत. तेव्हापासून त्यांना खा-खा सुटली आहे. देवघराच्या मागे गुळाची ढेप असते, तिला खुरप्याने टवके काढल्याच्या खुणा दिसतात. विचारले तर उंदराचे नाव सांगतात. रात्री दोन-तीनपर्यंत जागे असतात, शेताकडे जात नाहीत, भावकीतल्या लग्नालाही गेले नाहीत. आई म्हणते, जीभ वाहवली. मला मात्र हे जिभेचे वाटत नाही. औषधांचे विचारले तर "घेतल्या गोळ्या" एवढेच म्हणतात. पाकीट मोजले तेव्हा बारा गोळ्या जास्त निघाल्या.

डॉ_मांजराकाठ

दादा, तुम्हाला जे वाटते आहे ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. मधुमेह असलेल्यांच्या मनाविषयी बोलताना दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवतो.

एक आहे मधुमेहाचाच वीट येणे. रोजची गोळी, रोजचे टोचणे, प्रत्येक घासाचा हिशेब, पायाची जखम, डोळ्यांची भीती, आणि एवढे करूनही न उतरणारा आकडा. या सगळ्यांनी माणूस थकतो. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये यासाठी वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तेव्हापासून या थकव्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' असे वेगळे नाव मिळाले. हे नैराश्य नव्हे आणि त्यावर नैराश्याच्या गोळ्या हा पहिला उपाय नव्हे. ऐकून घेणारे कोणी मिळणे, उद्दिष्ट लहान करणे, औषधांची वेळ सोपी करणे, यांनी तो हलका होतो.

दुसरे आहे खरे नैराश्य. २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट आढळली होती. त्यात झोप जाते, कशात रस उरत नाही, माणसांत जावेसे वाटत नाही. कोणाची भूक मरते तर कोणाची वाढते. नैराश्यात माणूस गोळ्या चुकवतो, चालणे सोडतो. ताणामुळे शरीरात कॉर्टिसोल वाढते आणि ते रक्तातली साखर आणखी चढवते. चढलेली साखर थकवा आणते, थकवा पुन्हा मनावर बसतो. वडिलांच्या बाबतीत तुम्ही लिहिलेली झोप, शेत, लग्न आणि गोळ्या, या चारही गोष्टी मला याच दिशेने नेतात.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात, एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा अधिक आले तर तज्ज्ञांना भेटावेच. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. तो प्रश्न विचारायला घाबरू नका. विचारल्याने तसा विचार डोक्यात घातला जातो, हा गैरसमज आहे. तसे काही त्यांच्या बोलण्यात आले तर त्यांना एकटे सोडू नका, शेतातली औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे. आपल्याकडे अजून फार थोड्यांना माहीत आहे.

उंदराचे नाव सांगणाऱ्या वडिलांना खोटे पाडू नका. त्यांच्याजवळ आणखी कोणतेच आडोशाचे ठिकाण उरलेले नसावे.

पानगाव_शिवार

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. फवारणीचे औषध आजच काढून चुलत्यांच्या घरी ठेवले. शुक्रवारी त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन जातो.

आहारतज्ज्ञ_संभाजीनगर

ताईंना तक्ता नको आहे आणि मीही देणार नाही. मला फक्त एक विचारायचे आहे : तुमचा दिवस कसा जातो? सकाळी काय खाता, शाळेत केव्हा खाता आणि गोळ्या कोणत्या आहेत?

बालाघाटची_लेक

सकाळी बिनसाखरेचा चहा, कधी दोन टोस्ट. साडेनऊला घर सोडते. दुपारी दोनच्या सुट्टीत अर्धी भाकरी आणि भाजी. अर्धीच, कारण पोळी-भाकरीने शुगर वाढते असे सगळे सांगतात. भात पाच वर्षांपासून बंद आहे. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री सर्वांचे झाल्यावर थोडी भाजी आणि ताक. सोमवार आणि एकादशी धरते. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड आहे.

आहारतज्ज्ञ_संभाजीनगर

ताई, तुम्ही लिहिलेले पुन्हा एकदा स्वतःच वाचून पाहा. दिवसभर तुम्ही जवळजवळ उपाशी असता. रात्री अकरा वाजता डब्याकडे जाणारा हात सकाळी आठ वाजल्यापासूनच्या भुकेचा आहे. मनाचा भाग आहेच, तो डॉक्टरांनी सांगितला. परंतु रिकाम्या पोटावर मनाचे उपचार टिकत नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट करायला सांगते. खा-खा सुटली की डबा उघडण्याआधी शुगर तपासा. वहीसाठी नको, डॉक्टरांसाठीही नको, फक्त ही भूक कोणाची आहे ते कळण्यासाठी. आकडा ७० च्या खाली असेल तर ती भूक औषधाची आहे. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकवले की साखर उतरते, हातपाय कापतात, घाम येतो आणि मेंदू गोडच मागतो. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि वर आल्यावर थोडे जेवून घ्यावे. त्या घाबरलेल्या अवस्थेत पाच वड्या खाल्ल्या जातात, त्या हावरटपणाने नव्हे. आकडा ३०० च्या आसपास असेल तर ती भूक आजाराची आहे. रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींत शिरत नाही, म्हणून शरीर उपाशीच राहते आणि अन्न मागत राहते. आकडा या दोन्हींच्या मधला असेल आणि पोट भरलेले असेल, तर ती भूक मनाची आहे असे समजायला जागा आहे. या तिन्ही भुकांना आपण एकच शिवी देतो, तेथेच घोटाळा होतो.

उपवासाविषयीही लिहिते, कारण आपल्या भागात तो विषय नाजूक आहे. ग्लिमेपिराइड चालू असताना दिवसभर निरंकार राहणे धोक्याचे आहे, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास साखर एकदम चढवतो. देवाशी काय बोलायचे ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका आणि गोळीही स्वतःहून कमीजास्त करू नका.

राहिले खाणे. सकाळी घर सोडण्यापूर्वी पोटभर न्याहारी करा : एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ किंवा पिठले, सोबत शेंगदाण्याची चटणी. डब्यात अर्धीऐवजी एक भाकरी, घट्ट वरण, दही, कच्चा कांदा. ज्वारीनेही साखर वाढते, पण डाळ आणि भाजीसोबत ती हळू वाढते. साडेचारला मूठभर फुटाणे. टोस्ट आणि खारी मात्र घरात आणू नका. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांवर केलेल्या प्रयोगात, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळाले तेव्हा तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि खा असा आग्रह त्यांना कोणीही केलेला नव्हता.

सोळावे_वर्ष

मी परभणीचा. दारू सोडून मला सोळा वर्षे झाली आणि मधुमेह होऊन नऊ. दारू सुटली तेव्हा तिच्या जागी गोड आले. पहिल्या वर्षी मी पाव किलो पेढे एका बैठकीत संपवीत असे आणि घरचे आनंदाने आणून देत, कारण बाटलीपेक्षा पेढा बरा.

मला दोन्हींचा अनुभव आहे म्हणून सांगतो. दारूचे दार मी एकदाच बंद केले आणि त्या गल्लीतून जाणे सोडले. अन्नाचे तसे करता येत नाही. तेच दार दिवसातून तीन वेळा उघडायचे, हवे तेवढे घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. गोदाकाठ साहेब, ज्याला तुम्ही निग्रह म्हणता तो मी दारूच्या वेळी करून दाखवला आहे. खाण्याच्या बाबतीत तो मला आजही रोज नव्याने करावा लागतो, आणि काही दिवस तो होत नाही. मला उपयोग एकाच गोष्टीचा झाला. ज्या दिवशी खातो त्या दिवशी मी एका मित्राला फोन करून सांगतो. तो काहीही उपदेश करत नाही. "बरं, उद्या बोलू," एवढेच म्हणतो.

धर्माबादची_सून

मी रुग्ण नाही, रुग्णाची पत्नी आहे. या धाग्यावर आमचीही बाजू यावी म्हणून लिहिते.

यजमानांना शुगर निघाली तेव्हा मी घरातली साखर माझ्या कपाटात नेऊन ठेवली. त्यांच्या शर्टाचे खिसे तपासायचे, दुकानदाराला फोन करून विचारायचे, पंगतीत वाढणाऱ्याला लांबूनच हाताने खूण करायची. सप्ताहाच्या पंगतीत मी एकदा सर्वांसमोर त्यांच्या ताटातली बुंदी काढून घेतली. ते काही बोलले नाहीत, हात धुतले आणि उठले. मला वाटत होते मी त्यांचा जीव वाचवते आहे. प्रत्यक्षात मी घरातली पहारेकरी झाले होते, आणि जेथे पहारा असतो तेथे चोरीही असते. त्यांच्या रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, त्या वर्षी ८.१ वरून ९.६ वर गेली.

आपल्याकडची दुसरी अडचण अशी की, घरात पहारा आणि घराबाहेर आग्रह. ज्यांच्याकडे जावे ते "आज एक दिवस खा, काही होत नाही" म्हणून पुरणपोळीवर तुपाची धार धरतात, आणि नाही म्हटले तर अन्नाचा अपमान होतो. शेजारच्या मळ्यात हुरड्याला बोलावले की गूळ आणि रेवड्या पुढे येतातच. एकाच माणसाला आपण दिवसा आग्रह करतो आणि रात्री चोर म्हणतो.

आता मी खिसे तपासत नाही. ते सणाच्या दिवशी माझ्यासमोर बसून एक पोळी खातात, भात घेत नाहीत, आणि जेवणानंतर आम्ही दोघे स्टेशनपर्यंत चालून येतो. मागचा एचबीए१सी ७.८ होता. ७ च्या आत आणा असे डॉक्टर सांगतात, तिथवर अजून गेलेला नाही.

सीताफळ_बन

सध्या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची फार चर्चा आहे. माझ्यासारखीला त्यांचा उपयोग होईल का?

डॉ_मांजराकाठ

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही ती औषधे. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. ती मधुमेहावरची मान्य औषधे आहेत, भूक कमी करतात आणि 'डोक्यात सतत खाण्याचेच चालू असते ते थांबले' असे काही रुग्ण सांगतात. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ असे त्रास होऊ शकतात, खर्च मोठा आहे आणि प्रत्येकाला ती चालत नाहीत. त्यामुळे निर्णय तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांसोबतच घ्यावा. उलट बाजूही लक्षात असू द्या. मनाच्या आजारांवरची ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांसारखी काही औषधे भूक आणि वजन वाढवतात. ती चालू असतील तर मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगा, आणि मधुमेह आहे हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. दोन्ही फायली एकाच पिशवीत ठेवाव्यात. कोणतीही गोळी स्वतःहून थांबवू नये.

अनावर खाण्यावर बोलण्यातून केले जाणारे उपचार, विशेषतः वर्तनोपचार, चांगले उपयोगी पडतात. त्यात पहिले पाऊल बंदीचे नसते. कधी, कोठे, काय वाटत असताना खाल्ले, याची खरी नोंद ठेवणे हे पहिले पाऊल असते.

गोदाकाठ

या चार दिवसांत धागा तीन वेळा वाचला. माझ्या पहिल्या प्रतिसादातला एक शब्दही खोटा नव्हता, पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती. माझी पत्नी असेपर्यंत मला निग्रहाची फारशी गरजच पडली नाही. मुठीतले फुटाणे, वेळेवरचे ताट, पहाटे सोबत चालणे, हे सगळे तिचे होते. ती गेल्यापासून दीड वर्षात माझा एचबीए१सी दोनदा ९ च्या वर गेला आहे. मी बर्फी खात नाही, पण संध्याकाळी सहा वाजले की फरसाणाचा पुडा घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि तो कधी संपतो ते मला कळत नाही. व्यसन हा शब्द मला अजूनही पटत नाही. मात्र ताईंना 'शिस्त लावा' असे लिहायला नको होते.

धर्माबादची_सून

काका, सहा वाजता फिरायला निघत चला. फोनवर बोलायला माणूस हवा असेल तर आमचे यजमान त्याच वेळी स्टेशनच्या रस्त्याला असतात. संदेशातून क्रमांक पाठवते.

पानगाव_शिवार

कळवायचे राहिले होते. वडिलांचे नैराश्य मध्यम स्वरूपाचे आहे असे सांगितले, गोळी सुरू झाली आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. गाडीवर येताना त्यांनी पहिल्यांदा खरवडलेल्या शेताविषयी बोलायला सुरुवात केली. गुळाची ढेप आईने हलवली नाही. ती तेथेच आहे.

बालाघाटची_लेक

महिनाभराने लिहिते आहे. येथे जे सांगितले गेले त्यातले पहिले मी न्याहारीचे केले. भाकरी आणि उसळ खाऊन शाळेत जायला लागले. आठवडाभर शुगर वाढेल या भीतीने धाकधूक होत होती. रात्रीची तलफ गेली नाही, पण रोजची होती ती आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आली. ग्लिमेपिराइडच्या वेळेविषयी दुसऱ्या डॉक्टरांना विचारले, त्यांनी मात्रा कमी केली. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. तेथे दोनदा जाऊन आले. दुसऱ्या भेटीत मी फक्त रडले, आणि तेथल्या बाईंनी रडू दिले.

घरात सांगणे सर्वांत अवघड होते. एका रात्री मी डब्याजवळ उभी असताना यजमान पाणी प्यायला उठले. मी झाकण पदराखाली घेतले. त्यांनी दिवा लावला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अंधारात कशाला खायलीस? बस की खाली." मग स्वतःच पाट मांडला. मी त्यांच्यासमोर एक वडी खाल्ली. दुसरी हातात घेतली आणि खावीशी वाटली नाही. वहीतले आकडेही त्याच रात्री सांगितले. ते बराच वेळ वही चाळत राहिले. त्यांना शुगरपेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटले असावे.

परवा येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, झाला. नणंदेच्या शेतात पांडवांची पूजा झाल्यावर कडब्याच्या खोपीजवळ पंगत बसली. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि गव्हाची खीर. दरवर्षी मी सगळ्यांसमोर खीर नाकारते आणि परत येताना मागच्या सीटवर डब्यातली खीर बोटांनी खाते. या वर्षी वाढायला आलेल्या जावेला म्हटले, अर्धी वाटी वाढ. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत. भज्जी आणि उंडे पोटभर खाल्ले, शेवटी खीर खाल्ली, सावकाश, चमच्याने. नंतर बांधाबांधाने विहिरीपर्यंत चालत जाऊन आले.

घरी येऊन दोन तासांनी तपासले. यंत्रावर १९१ दिसले. वहीत १९१ लिहिले.

सीताफळ_बन

ताई, मी आज गादीखालचे कागद काढले. मोजले नाहीत. त्या शासकीय ओपीडीचा वार कोणता असतो, तो कळवाल का?

बालाघाटची_लेक

आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊपासून. केसपेपर आधी काढावा लागतो, त्यामुळे साडेआठलाच या. मी या मंगळवारी जाणार आहे. दाराजवळच्या बाकावर बसलेली असेन, हातात निळी पिशवी असेल.